कपाळाच्या मधोमध

कुंकवाचा करंडा दिसला की माझं नाक हुळहुळतं. माझी थोरली बहीण सुलूताई, मी निघताना मला हळदकुंकू लावायची आणि बोटाला उरलेलं कुंकू माझ्या नाकाच्या शेंड्याला पुसायची. लहानपणापासूनची तिची ही खोडी माझी मुलगी लग्नाला आली तरी सुटली नव्हती.

यंदा तिला मेंदूज्वर झाला. ताप उतरला, ती हिंडूफिरू लागली, पण माणसं मात्र तिच्या आठवणीतून पुसली गेली. काल दुपारी मी गेले तर तिनं मला चहा दिला आणि गाव कुठलं ते विचारलं. मी उठले, तशी कुणी न सांगता ती देवघरातून करंडा घेऊन आली. निघालेल्या बाईला कुंकू लावायचं, एवढं तिच्या हातांना अजून ठाऊक होतं. आजार काय नेतो आणि काय मागे ठेवतो, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

तिनं हळद लावली, मग कुंकू. अगदी मधोमध, परक्या बाईला लावावं तसं जपून.

"पुन्हा या हं," ती म्हणाली.

मी नाक पुढे करून क्षणभर तशीच थांबले. तिनं बोट पदराला पुसलं.