ज्वारीच्या रानातलं लग्न

नवरीच्या गालावरची हळद अजून ओली होती. ती बांधावर एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी गाडीतून उतरले तशी म्हणाली, "बाई, सकाळी चांगली होती ही."

मी कराड तालुक्यातल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. फोन शेतमालकानं केला होता. त्याच्या रानात मेंढपाळांचे दोन वाडे उतरले होते. वाडा म्हणजे यांचा फिरता तळ. मेंढरं, घोडी, कोंबड्या, लेकरं, सगळं बरोबर. दिवाळीनंतर ही माणसं चाऱ्यासाठी पश्चिमेला येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत फिरतात. एक वाडा जतच्या बिराप्पाचा, दुसरा माण तालुक्यातल्या तात्यांचा. बिराप्पाची कोमल आणि तात्यांचा सचिन यांचं लग्न होतं. गावी जाऊन लग्न करायचं तर मेंढरं कुणाच्या हवाली करणार? कराडपाशी दोघांच्या वाटा एकत्र आल्या होत्या, दुसऱ्या दिवशी फुटणार होत्या. म्हणून रानातच चार बांबू रोवून मांडव घातला होता. गावातले गुरुजी येऊन बसले होते.

सगळे हळदीत गुंतलेले असताना बिराप्पाची मेंढरं शेजारच्या रानात शिरली. तिथली ज्वारी केव्हाच काढलेली. पण अवकाळी पाऊस झाला होता आणि बुडख्यांना हिरवेगार कोंब फुटले होते.

मी एका मेंढीचा ओठ उलटून पाहिला. हिरड्या लालबुंद. सुईनं रक्त काढलं, तेही लालभडक. मग शंका राहिली नाही. गावाकडं याला किराळ लागणं म्हणतात. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात विष असतं. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण शरीराला तो वापरता येत नाही. श्वास चालू असताना जनावर गुदमरतं. औषध आहे, हायपो नावाचं. शिरेतून लगेच गेलं तर जनावर उठतं. माझ्या बॅगेत थोडंच होतं.

"ज्या आडव्या पडल्यात त्यांना सोडा," मी म्हणाले. "झोकांड्या खाणाऱ्या माझ्याकडं आणा."

बिराप्पा एका पडलेल्या मेंढीपाशी उभा होता. "आवं बाई, हिला द्या की आधी. गाभण हाय."

"तिला देऊन उपयोग नाही, बिराप्पा."

"जीव हाय अजून."

"आहे. पण हिला दिलं तर दुसरी जाईल."

कोमल उठली, पदर खोचला आणि उभ्या मेंढ्या एकेक धरून आणू लागली. ती मान धरायची, मी शीर शोधायची. हळदीचे डाग लोकरीला लागत होते. औषध लवकरच संपलं.

मी जिल्ह्याच्या साहेबांना फोन लावला.

"सर, जिल्ह्याच्या स्टोअरला हायपो आहे का?"

"मागणीचं इंडेंट टाकलंय का तुम्ही?"

"सर, मेंढ्या पडतायत. आत्ता, माझ्यासमोर."

"बघतो. तोवर सॅम्पल घेऊन ठेवा. लॅब मागेल."

पूर्वी फोटो धुवायला हेच हायपो वापरायचे. कराडच्या एका ओळखीच्या स्टुडिओवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, डार्करूम मोडून किती वर्षं झाली! आता सगळं डिजिटल." मग माझी मैत्रीण आठवली. ती ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. लॅबमध्ये बाटली होती, पण कॉलेजला सुट्टी. किल्ली शिपायाकडं, शिपाई घरी. "तू कुणाला तरी पाठव, मी उघडून घेते," ती म्हणाली.

"म्या जातो," सचिन म्हणाला. कपाळाला मुंडावळ्या बांधलेल्या, अंगावर नवा सदरा.

तात्या आडवे आले. "आरं, हळदीच्या अंगानं कुठं निघालास? मुहूर्त जाईल."

"तात्या, मेंढरं मराय लागल्यात."

त्यानं मुंडावळ्या सोडून कोमलच्या आईच्या हातात दिल्या आणि मोटारसायकलला किक मारली.

नंतरचा वेळ कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. मेंढी पाय झाडते, मान मागं टाकते आणि थांबते. दुसरी तिच्याकडं बघत उभी असते, मग तीही बसते. माझ्याकडं सुई होती, सिरिंज होती, आणि त्यात भरायला काही नव्हतं. गुरुजींनी एकदा घड्याळ पाहिलं आणि हात खिशात घातला.

सचिन बाटली घेऊन आला तेव्हा मुहूर्त टळला होता आणि रान शांत झालं होतं. या विषाचं असंच आहे. जी मरायची ती तासाभरात मरतात. त्यानं चौफेर पाहिलं.

"बाई, उशीर झाला का?"

"झाला."

उरलेल्या मेंढ्यांच्या पोटात अजून कोंब होतेच, म्हणून औषध पाण्यात कालवून आम्ही त्यांना पाजलं. पण बिराप्पाचा निम्म्याहून जास्त कळप गेला होता.

मला वाटलं, आता लग्न पुढं ढकलतील. बिराप्पा मांडवापाशी गेला आणि म्हणाला, "गुरुजी, उरका."

कोमल हलली नाही. "आबा, मी न्हाई जात आता. तुमी दोघंच ऱ्हाताय. मेंढरं कोण राखणार?"

"कंची मेंढरं?" बिराप्पा म्हणाला. आवाज चढवला नाही. "राखाय काय ऱ्हायलंय का हितं? जा पोरी. तिकडं तरी कळप हाय."

तात्या खाली मान घालून म्हणाले, "बिराप्पा, म्होरल्या साली करू की."

"म्होरल्या साली म्या ह्या वाटंला येतो का न्हाई, कुणास ठावं."

मेलेल्या मेंढ्यांवर ताडपत्री ओढली. ती पुरली नाही. उरलेल्या मेंढ्या मांडवाच्या कडेला हुंगत फिरत होत्या. आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या असतात, कुंकवानं रंगवलेल्या. माझ्याही हातात कुणीतरी दिल्या. मी टाकल्या. कोमलच्या आईनं मूठ उघडलीच नाही. वाजंत्री नव्हती, मंगलाष्टका संपल्यावर टाळ्याही नव्हत्या. सचिननं हार घातला तेव्हा कोमल समोर न बघता रानाकडं बघत होती.

अंधार पडायच्या आत खड्डा खणायला शेतमालकानं जेसीबी मागवला. मी सॅम्पल घेतली. साहेबांचा फोन आला. हायपो स्टोअरलाही नव्हतं.

पहाटे तात्यांचा वाडा माणच्या वाटेला लागला, कोमलला घेऊन. बिराप्पानं उरलेली मेंढरं वाटेतच विकली. आता तो आणि त्याची बायको जतजवळ एका पोल्ट्रीवर राखणीला आहेत, असं शेतमालकाकडून कळलं. चारी बाजूंनी जाळी असलेलं शेड, आणि तिथून कुठं हलायचं नाही.

आता मी दरवर्षी अवकाळी झाला की गावोगाव सांगत फिरते, काढलेल्या ज्वारीच्या फुटव्यात जनावर सोडू नका. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिते, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. लोक वाचतात, अंगठ्याचं चिन्ह टाकतात. त्यांच्या म्हशी गोठ्यात दाव्याला बांधलेल्या असतात. मेंढरं घेऊन वाटेनं चाललेला माणूस कुठल्याच ग्रुपमध्ये नसतो.