राहिलेलं बारसं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेंगदाण्याची चटणी. मी लसूण सोलत होतो, बायको पाट्यावर वाटत होती. लातूरला क्लाससाठी आलेल्या पोरी आमच्या खोल्यांत भाड्यानं राहतात, त्यांचे डबे तीच करायची.

“लसूण सोलायलात का झोपलात?”

“सोलायलोच की. तुझी जीभ वरवंट्यापेक्षा जड हाय.”

“हाय तर हाय. पोरी उपाशी क्लासला गेल्यावर कशाच्या डॉक्टर होतात?”

डबे गेले. ती जरा आडवी झाली अन् उठलीच नाही. संध्याकाळी तिला मसणात पोचवून आलो.

तो वरवंटा गावाकडचा. आमच्याकडं बारशाला आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतात, मग लेकराला. नाव आत्यानं लेकराच्या कानात सांगायचं. तोवर कुणाला कळू द्यायचं नाही. आत्या वाकली की बाकीच्या बाया कुर्र करून तिच्या पाठीत बुक्क्या घालतात. मग घुगऱ्या. बारसं म्हणजे एवढंच. शिकलेले लोक त्याला नामकरण म्हणतात.

आम्ही गावाकडं होतो तवा आमच्या लेकीचं बारसं उद्यावर आलं होतं. माझी बहीण आदल्या दिवशीच आली. नाव काय म्हणून विचारलं तर म्हणाली, “दादा, उद्या ऐक की. लई घाई हाय तुला.” पहाटं भूकंप झाला. माती उपसली तवा बहीण गेलेली, लेक गेलेली. वरवंटा तेवढा धड निघाला, हळद लावलेला. नाव बहिणीसंगं गेलं.

त्याच वरवंट्यानं हिनं पुढं सगळा संसार वाटला. बाया आपापल्या लेकरांची नावं घेऊन बोलायच्या, ही नुसतं “माझी पोर” म्हणायची. कधी वाटता वाटता थांबायची.

“तिचं बारसं राहिलं बघा.”

“आता कुणाच्या कानात सांगतीस?”

ती वाटण काढून घ्यायची. वरवंटा धुऊन भिंतीला उभा करायची.

हिला पोचवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीनं चहा आणून दिला. वरवंटा पाट्यावर तसाच पडलेला, चटणी वाळून चिकटलेली. सुतकात बारसं करत नाहीत, मला ठाऊक आहे. मी केलं. वरवंटा धुतला, हिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला, मांडीवर घेतला. आत्या नाही तर बाप. जन्मभर मी बायकोला नावानं हाक मारली नव्हती, ‘अगं’वरच भागलं. तेच तिचं नाव पोरीच्या कानात सांगितलं. अन् तसाच वाकून राहिलो जरा वेळ, पाठीत कुणी बुक्की घालतंय का म्हणून.