शीतयुद्धाचा धडा आणि हिरवी फाईल

हे मी घरात कधी बोललो नाही, बायकोजवळसुद्धा नाही. तुम्ही माझे कोण? कोणी नाही — म्हणून तर जीभ उचलतेय. मधेच अडखळलो तर चालवून घ्या.

जळगावजवळच्या एका शाळेत मी नववीला राज्यशास्त्र शिकवतो. शीतयुद्धाचा धडा आला की माझी कळी खुलते. अमेरिका आणि रशिया एका बाजूनं लढले, जर्मनीला हरवलं, आणि शत्रू संपल्याबरोबर एकमेकांकडेच संशयानं बघायला लागले — हे मी असं रंगवतो की मागच्या बाकावरचेही जागे होतात. का नाही रंगणार? मी ते पाहिलंय. पाहिलंय कसलं, केलंय.

आमचं महायुद्ध म्हणजे आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक. काय छळलं हो त्या माणसानं! हक्काच्या रजा अडवायचे, शिक्षिकांना सगळ्यांदेखत टाकून बोलायचे. सलीम गणिताचा, भुसावळचा. आम्ही दोघं रोज एकाच डब्यात जेवायचो. दोघांनी ठरवलं, आता बास. खोट्या हजेरीची एक हिरवी फाईल त्यांच्या कपाटात होती. मधल्या सुट्टीत सलीमनं ती काढली आणि डब्याच्या पिशवीत घालून बाहेर नेली. मी दारात पहारा दिला. फाईल निनावी शिक्षणखात्याकडे पोचली आणि महिन्याभरात मुख्याध्यापकांना नोकरी सोडावी लागली. आम्ही स्टाफरूममध्ये जिलेबी वाटली.

मग पर्यवेक्षकाची जागा निघाली.

आमचे शिपाई, नाना, माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सर, सलीम सरनी अर्ज दिधा." माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मला न सांगता? माझ्या डब्यातली भाकरी खाऊन? दगाबाज! ज्याला त्याला मी तेच सांगत सुटलो. एक गोष्ट तेवढी सांगत नव्हतो — माझा अर्ज त्याच्या दोन दिवस आधीच गेला होता. त्यालाही न सांगता.

मग स्टाफरूमचे दोन भाग झाले. चहाचे ट्रे दोन, मधे पुस्तकांचं कपाट. कोण कोणाच्या टेबलाशी बसलं, याच्या बातम्या इकडून तिकडे. समोरासमोर आलो की "नमस्कार सर". अरे-तुरे गेलं. भांडण मात्र एकदाही नाही झालं.

आता ते सांगतो. सांगायलाच बसलोय ना? — मी धुळ्याला गेलो. तिथं मला कोणी ओळखत नाही. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून संस्थेच्या अध्यक्षांना पत्र टाईप करून घेतलं: सलीमनं कपाट उघडलं, हिरवी फाईल डब्याच्या पिशवीतून नेली, उद्या तुमचंही कपाट उघडेल. खाली नाव काय टाकू, त्यानं विचारलं. मी म्हणालो, काही नको.

सलीमची बदली लांब, पिंपळनेरकडच्या शाखेत झाली. त्याच्या बायकोची नोकरी भुसावळला, आजारी आई तिच्याजवळ. आई गेली तेव्हा तो एसटीत होता. मी पर्यवेक्षक झालो. आणि तरी — लाज वाटते सांगायला — इतकी वर्षं मला वाटत राहिलं की दगा माझ्याशीच झाला. रोज त्याचा राग यायचा.

मागच्या वर्षी नाना निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी जुन्या गोष्टी निघाल्या. माझ्या पत्रानंतर सलीमला बोलावून घेतलं होतं, त्या बैठकीत चहा नानांनीच नेला होता. अध्यक्षांनी ते पत्र सलीमच्या हातात दिलं, आणि विचारलं, सोबत कोण होतं?

"बठ्ठं पत्र वाचं त्यासनी," नाना म्हणाले, "मंग सांगं, मी एकलाच व्हतू."

सगळं पत्र वाचून मग त्यानं सांगितलं, एकटाच होतो. आणि पत्रात डब्याची पिशवी. ती फक्त आम्हा दोघांना माहीत होती. ते वाचल्यावर पत्र कोणाचं, हे त्याला कळलं नसेल?

मी मुलांना दरवर्षी सांगतो, दोघांकडेही अस्त्र होतं, म्हणून दोघंही थांबले. सलीमकडेही होतं — माझं नाव. मी माझं वापरून मोकळा झालो होतो. त्याला एक शब्द पुरला असता.

तो आता भुसावळला असतो. मी गेलो नाही. कालच नववीला तो धडा संपवला.

दारात मी होतो. पत्र मी लिहिलं.