बरणीतला हेकरू

आमच्या शैव घरात मासळीचं नाव काढलं तरी आई चूळ भरायला लावायची. त्यात मी प्राणिशास्त्र घेतलं, म्हणजे बघायलाच नको. बीडच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या शेवटच्या प्रात्यक्षिकाला माझ्यासमोर फॉर्मॅलिनची बरणी आली. आत वीतभर लांबीचा ठिपकेदार हेकरू मासा. जात ओळखा, अधिवास लिहा, एवढाच प्रश्न.

उत्तर अख्ख्या वर्गाला पाठ होतं. त्या बरणीवर 'नारिंगी ठिपक्यांचा हेकरू, खाडी' अशी चिठ्ठी असायची. दोन वर्षं आम्ही ती घोकली होती. परीक्षेपुरती ती काढून ठेवली होती, इतकंच. माझं पेन मात्र अडलं. फॉर्मॅलिनमध्ये रंग उडतो. मग ठिपके नारिंगी होते हे ठरवलं कुणी?

माझे वडील हेडी, युसूफ वडगावच्या बाजारात लोकांना बैल पारखून देणारे. लहानपणी एक ठिपक्यांचा गोऱ्हा बघून मी ठोकून दिलं होतं की हा देवणी जातीचाच. तेव्हा ते म्हणाले, "ठिपक्याला भुलू नगंस. आदी अंगाची ठेवण बघ, मग बोल."

मी बरणी फिरवून शेपटी बघितली. नारिंगी ठिपकेवाल्याची शेपटी गोल असते, हे पुस्तकात वाचलं होतं. याची कात्रीनं कापल्यासारखी सरळ, कडेला बारीक पांढरी किनार. मी 'एपिनेफेलस एरिओलेटस' ही हेकरूची दुसरीच जात लिहिली आणि अधिवासात खाडीऐवजी प्रवाळांजवळची वाळू, समुद्री गवत, खडकाळ कडा. कोकणातल्या संशोधन केंद्रातली माझी जागा या परीक्षेच्या मार्कांवर अवलंबून होती, आणि मी सगळ्या वर्गाविरुद्ध लिहून बसले होते.

बाहेरून आलेले परीक्षक किनाऱ्यावरचे, जन्मभर मासळीत वावरलेले. त्यांनी माझं उत्तर वाचून भुवया उंचावल्या. आमच्या सरांनी लगबगीनं चिठ्ठी पुढे केली आणि मुलगी हुशार आहे, घाबरली असेल, असं सांभाळून घेतलं. माझं डोकंच फिरलं.

"घाबरले नाही सर," मी म्हणाले. "चिठ्ठी चुकलीय."

परीक्षकांनी बरणी खिडकीशी नेली, बराच वेळ शेपटी निरखली. मग चिठ्ठी उलटी करून पेन माझ्या हातात दिलं. मी कोऱ्या बाजूवर माशाचं खरं नाव लिहिलं. अभिमान वाटला, फार वाटला, कशाला लपवू?

हा मासा जिवंत कुठे पाहिलास, असं त्यांनी कौतुकानं विचारलं.

"कुठंच नाही सर," मी म्हणाले. "मी अजून समुद्रच पाहिला नाही."