भोंगा वाजला तेव्हाची ढोरं
विहिरीत ब्लिचिंग पावडर पडली, की त्या उग्र वासासरशी मला चावडीपुढची ती सभा आठवते. ऐंशीनंतरची गोष्ट. गावाबाहेरच्या कारखान्यातून याच वासाचा विषारी वायू सुटला तर काय करायचं, हे सांगायला तिथले एक साहेब आले होते. भोंगा वाजला की नाकातोंडाला ओलं फडकं लावायचं आणि हातातलं काम टाकून टेकडी गाठायची, असं त्यांनी समजावलं. माझी माय बायकांतून उठून म्हणाली, "अन् ढोरं कोन सोडन, साहेब? बांधल्या जागी मरतीन ना थे." सगळी सभा हसली. "बाई, आधी माणसं," साहेब म्हणाले. आमच्याकडे घराला आग लागली तरी आधी गोठ्यातली दावी सोडतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. पुढे धान कापणीच्या दिवसांत, भरदुपारी, खरंच भोंगा वाजला. आम्ही बांधावरून थेट टेकडीकडे पळालो. माय सोबतच निघाली होती, पण वर पोचलो तर ती नव्हती. थोड्या वेळाने खालून ढोरं येऊ लागली, आमची, शेजाऱ्यांची, साऱ्या आळीची, सुटलेली दावी मातीत फरफटवत. बाप एकेका जनावरामागे बघत होता. सगळ्यांत शेवटी आमची लंगडी गाय आली, आणि तिच्यामागची वाट रिकामीच राहिली. आजही हा वास आला, की मी आधी गोठ्यात जाऊन गाईचं दावं सोडतो. पोरं हसतात. ती सभाही अशीच हसली होती.