‘कुणासाठी?’ विचारणाऱ्या निर्मलाताई

निर्मलाताईंची माझी ओळख झाली ती माझ्या एका चुकीतून. शिळफाट्यावरच्या त्यांच्या औषधाच्या दुकानातून मी ताकदीच्या कॅप्सूलचा डबा घेतला आणि साजगावला धाकट्या बहिणीकडे, लताकडे नेऊन दिला. स्तनाच्या कर्करोगावरचं तिचं ऑपरेशन आणि केमो नुकतेच झाले होते. आजाऱ्याला भेटायला आपल्याकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. हल्ली फळांऐवजी असे डबे नेतात. लताच्या फडताळात सात डबे जमले.

डॉक्टरांनी तिला पाच वर्षं रोज घ्यायची एक गोळी दिली होती. ती निर्मलाताईंच्याच दुकानातून जायची. दोन महिने कुणी न्यायला आलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. भर दुपारी दुकान बंद करून त्या रिक्षाने साजगावला आल्या. मी तिथेच होतो.

“त्या गोळीनं अंगाची नुसती आग होते, ताई,” लता म्हणाली. “म्हणून ती सोडून ह्या कॅप्सूल धरल्या. झाडपाल्याच्या हायेत, काय नाय होत ह्यांनी.”

“काय नाय होत, तेच सांगायला आले गं. आजार परत येऊ नये म्हणून ती गोळी हाय. तिचं काम ह्यातलं कुणी करणार नाय.”

त्यांनी सगळे डबे चटईवर मांडले. हाडांसाठी डॉक्टरांनीच दिलेलं कॅल्शियम वेगळं काढलं, बाकीच्यांची नावं कागदावर उतरवली. “यातलं काय चालेल, मला माहीत नाय. डॉक्टरांना विचारू. तोवर बंद.” माझा डबा हाती आला तशा त्या थांबल्या. “हा माझ्या दुकानातला. कुणासाठी नेताय, हे मी विचारायला हवं होतं.”

खरं तर मीच सांगायला हवं होतं.

डॉक्टरांना फोन त्यांनीच लावला. अंगाच्या आगीवर उपाय मिळाला, गोळी पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून ताकदीचं काहीही मागा, निर्मलाताई आधी “कुणासाठी?” विचारतात. काही गिऱ्हाइकं चिडून दुसऱ्या दुकानात जातात. ताई जाऊ देतात. डोंगराकडच्या वाड्यांवरच्या बायका मात्र घरातल्या पुड्या-बाटल्यांची पिशवी घेऊन त्यांच्याकडेच येतात.

लताची पाच वर्षं यंदा पूर्ण झाली. इतरांच्या तपासण्यांच्या तारखा तोंडपाठ असणाऱ्या निर्मलाताई स्वतःची तपासणी मात्र दरसाल पुढे ढकलतात. यंदाच त्यांची साठी आहे; त्यानिमित्त शाल-श्रीफळ त्यांना मिळेलच. लताने त्यांच्या तपासणीचा दिवस परस्पर ठरवला आहे आणि सोबत ती स्वतः जाणार आहे. निर्मलाताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावं, ही आमच्या घराची इच्छा आहे. तपासणीच्या दिवशी दुकान बंद ठेवून त्यांनी या इच्छेचा मान राखावा.