राणी झोपली होती

सेक्रेटरीने माझी पिशवी क्लबहाउसच्या कॅरमबोर्डावर उपडी केली. डबा पडला. कंगवा पडला. आईसाठी घेतलेली विड्याची पानं पडली. मग कागदात गुंडाळलेला पॅड पडला आणि कागद सुटला. माळी होता, वॉचमन होता, घरकामाच्या सगळ्या बायका रांगेत होत्या. सेक्रेटरीने पॅड पेनाच्या टोकाने बाजूला सारला आणि खाली काही आहे का ते पाहिलं.

काही नव्हतं.

मी या कॉलनीची मॅनेजर. कुंभकोणमहून सुंदरपेरुमाळ कोयिलकडे जाताना पूर्वी जिथे भाताची शेतं होती, तिथे आता कमान आहे. आत एकसारखी घरं, बाग, क्लबहाउस. घरमालकांची असोसिएशन हे सगळं चालवते म्हणतात. चालवते मी. मोटर बंद पडली, मला फोन. शेजाऱ्याच्या कुत्र्याने दारात घाण केली, मला फोन. अमेरिकेतला मुलगा तिकडून विचारणार, आमच्या अप्पांच्या दारातला दिवा का लागत नाही. याचसाठी बी.कॉम. केलं, असं मी गमतीने म्हणायचे. आता गंमत वाटत नाही.

असोसिएशनचा सेक्रेटरी आमच्याच भाषेचा. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. समोर मी त्याला इथल्या पद्धतीने सार, म्हणजे सर, म्हणते. इथे नाही म्हणणार. त्याचं घराणं तंजावरच्या दरबारातलं, माझं शिंप्याचं. दरबार कधीच गेला, पण हे अंतर त्या लोकांनी जपून ठेवलंय. काम असलं की तो माझ्याशी मराठी बोलतो. चार लोकांत तमिळ, आणि तेही एकेरी. यावरूनच मला आधी संशय यायला हवा होता.

झालं असं. नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला आमच्याकडे कोलू म्हणतात. यंदा क्लबहाउसमध्ये मोठा कोलू मांडला. सगळ्यात वर सेक्रेटरीच्या घरची लाकडी राजा-राणीची जोडी. त्यांचे कपडे पार विरले होते. शिंप्याची पोर म्हणून ते काम माझ्याकडे आलं, न विचारता. मी राणीला जरीची साडी शिवली, राजाला अंगरखा. सेक्रेटरीच्या आईने, थोरल्या बाईंनी, बोटाने शिवण चाचपली आणि मान डोलावली. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

दसऱ्याच्या संध्याकाळी कोलूतली एखादी बाहुली आडवी करून झोपवतात. उत्सव संपला, आता विश्रांती. दुसऱ्या दिवशी दुपारी बाहुल्या उतरवायला गेलो तर वरची पायरी रिकामी. राजा नाही, राणी नाही.

सेक्रेटरीने एकाही घराची बेल वाजवली नाही. थेट फाटक बंद करायला लावलं आणि कामाच्या माणसांना क्लबहाउसमध्ये बोलावलं. मला वाटलं, रांग लावायला मला बोलावलंय. तो तमिळमध्ये म्हणाला, "तूही उभी राहा. जोडी तुझ्याच हातात होती."

माझ्या पुढे सेल्वी. ती त्याच्याच घरी भांडी घासते. कुणी सांगितलं नव्हतं तरी तिने पदराच्या गाठी सोडून दाखवल्या. ते मला माझ्या पॅडपेक्षा जास्त लागलं. इतकी सवय झालेली.

रांग संपायच्या आत थोरल्या बाई काठी टेकत आल्या. दुपारची झोप मोडल्यामुळे चिडलेल्या. कसला गोंधळ म्हणून विचारलं, सेक्रेटरीने सांगितलं.

"मी निजवलं की त्यांस," बाई म्हणाल्या. "उघड्यावर कोण निजवतं?"

त्यांच्या माहेरची रीत तशी. राजा-राणीला पायरीवर आडवं करायचं नाही, जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटात निजवायचं. क्लबहाउसच्या कपाटात, चादरींच्या मागे, दोघं सुखाने झोपले होते. माझ्या जरीसकट. सेक्रेटरीने आपल्या आईला एक प्रश्न विचारला असता तर तिथेच संपलं असतं. पण संशय त्याच्या घराच्या दिशेने जातच नाही.

सगळे हसले. सेक्रेटरीही हसला. मी पानं गोळा करत होते, ती चुरगळली होती. तो जवळ येऊन हळूच मराठीत म्हणाला, "मनास लावून घेऊ नकोस. तू आमच्यातलीच."

संध्याकाळी त्याच्या घरून मला कॉफी आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी ती हुंगून पाहिली. खरंच हुंगली. त्या घरातून फुकट काही येत नाही.

माझं बरोबर होतं. असोसिएशनच्या रविवारच्या बैठकीत ठरलं, असं पुन्हा होऊ नये म्हणून कामाच्या माणसांच्या पिशव्या रोज जाताना फाटकावर तपासायच्या. चोरी झालीच नव्हती. तरी तपासायच्या. बायकांच्या पिशव्या बाईने बघाव्यात, म्हणून मी. माझी पिशवी मात्र कुणी बघणार नाही, मी मॅनेजर आहे, असं सेक्रेटरी अगदी मायेने म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कॉफी यासाठी होती. 'आमच्यातली' यासाठी होती. मला रांगेतून काढत होते ते रांग मी सांभाळावी म्हणून. पिशवी सेल्वीची, हात माझे, आणि हे बाल्कनीत पेपर वाचणार.

मी उठले. तमिळमध्येच बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. "तपासायचं तर सगळ्यांचं. आधी तुमच्या गाडीची डिकी उघडा, सार. नाहीतर कुणाचंच नाही."

सेक्रेटरी लगेच मराठीवर आला, घरी ये, बोलू म्हणाला. मी म्हटलं, इथेच बोला. मग त्याने नोकरीचा विचार कर म्हणून सांगितलं. पुन्हा तमिळमध्ये.

विचार केला. गेली तर गेली म्हणण्याइतकी मी श्रीमंत नाही. मला ही नोकरी हवी आहे. म्हणून राजीनामा देणार नाही. काढायचं तर त्यांनी काढावं, सगळ्यांसमोर, कारण सांगून.

उद्यापासून तपासणी सुरू. सेल्वीला सांगितलं, गाठ सोडायची नाही. ती म्हणाली, "अक्का, तुम्ही त्यांच्या भाषेच्या. उद्या फिरलात तर?"

तिचा संशय मला आवडला. मी शब्द दिला नाही. शब्द त्यांनीही पुष्कळ दिलेत. उद्या फाटकावर सगळ्यांच्या पुढे मी असेन, तपासायला नाही, रांगेत. पिशवी खांद्याला, बंद. ज्याला ती उघडायची असेल त्याने आधी स्वतःची उपडी करावी.